परसातलं खुराडं: मेढी लाकडाच्या की पाईपच्या, मातीत की जोत्यावर?

दहा-बारा गावठी कोंबड्या, 8 बाय 5 फुटांचं खुराडं, वर पत्रा आणि सहा खांब, असं धरून चालू. एवढ्या छपराचं वजन कुठलाही खांब पेलतो. खरी परीक्षा वळवाच्या वाऱ्यात होते, कारण पत्र्याखाली वारा शिरला की तो खांब वर उपसू पाहतो. म्हणून खांबाच्या जाडीइतकंच तो जमिनीत कसा धरलाय यालाही महत्त्व आहे.

लाकडी मेढ. स्वस्त पडते, जाळीला यू-खिळे थेट ठोकता येतात. पण कुजते ती मातीच्या पातळीला, चार बोटं वर नि चार बोटं खाली. तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. सरळ काँक्रीटमध्ये उभी केली तरी सुटका नाही. लाकूड आक्रसतं, कडेला फट पडते आणि पावसाचं पाणी तिथेच मुरतं. लाकूडच हवं असेल तर काँक्रीटमध्ये 5 मिमी जाडीची यू आकाराची लोखंडी पट्टी रोवा आणि मेढ तिच्यात दोन इंच अधांतरी ठेवून दोन बोल्टांनी आवळा. वाळवी चढू लागली तर त्या उघड्या जागेत लगेच दिसते.

जीआय पाईप, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाईप. दीड इंची, बी क्लास (मध्यम जाडीचा). आमचा कौल यालाच. तळाशी सहा इंची सळईचा तुकडा आडवा वेल्ड करा, म्हणजे पाईप काँक्रीटमध्ये फिरत नाही आणि उपसतही नाही. वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं, तिथे झिंक प्रायमर लावा. खाली अंथरलेलं, विष्ठा मिसळलेलं ओलं तूस जस्त खातं, त्यामुळे काँक्रीटची कॉलर जमिनीच्या वर चार इंच घ्या, बाहेर उतार देऊन. वरचं तोंड बंद करायला विसरू नका.

कुंपणाचे तयार सिमेंट पोल कुजत नाहीत, पण भोक पाडायला गेलं की तडकतात. जाळी नुसत्या तारेने बांधावी लागते. हाताशी पडून असतील तरच वापरा.

मातीत की जोत्यावर? कोकणातल्या जांभ्यात पहारीने दीड फूट खणलं तरी पकड मिळते. काळ्या मातीत तसं चालत नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरून रुंद असलेला काँक्रीटचा गोळा दरवर्षी थोडा थोडा उचलते. मुरूम तीन फुटांच्या आत लागत असेल तर तिथवर जा, खड्डा वर अरुंद आणि खाली रुंद ठेवा. लागत नसेल तर काळी माती काढून सहा-सहा इंचांचे मुरमाचे थर पाणी मारून धुमसा, वर फूटभर जोतं बांधा आणि खांब त्या जोत्यातच रोवा. खर्च वाढतो, पण घुशीला आणि मुंगसाला खालून वाट उरत नाही. जोतं नसेल तर अर्धा इंची वेल्डमेश जाळी सहा इंच खोल पुरून बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी वळवावी लागते.

साध्या मातीत 1 बाय 1 फुटाचे, दोन फूट खोल सहा खड्डे घ्या. तळाशी चार इंच खडी, वर 1:2:4 काँक्रीट (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी). सिमेंटची दोन पोती लागतात. भरण्याआधी कर्ण मोजा: दोन्ही 9 फूट सव्वापाच इंच आले तरच आखणी काटकोनात आहे. ओळंबा दोन बाजूंनी लावा. सात दिवस पाणी मारा, पत्रा त्यानंतरच.