एअर रायफलचं बॅरल: फेल्टच्या गोळ्या की पुल-थ्रू?

रोजच्या सरावानंतर बॅरल (नळी) साफ करायला फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्यांसारखं सोयीचं काही नाही. छऱ्याच्या जागी ४.५ मिमीची फेल्टची गोळी ठेवायची आणि रेंजवरच टार्गेटच्या दिशेनं झाडायची. पहिली काळपट निघते, मग हळूहळू रंग उजळत जातो. पण हे पीसीपी (टाकीत दाबाखाली हवा भरलेल्या) रायफलपुरतं. स्प्रिंगच्या रायफलमध्ये हलक्या फेल्टमुळे पिस्टनपुढे हवेची गादीच नीट तयार होत नाही. तो थेट आपटतो आणि सीलची वाट लागते. तिथे मुकाट्यानं पुल-थ्रू, म्हणजे चिंधी लावलेली दोरी, घ्यायचा.

पुल-थ्रूला वेळ लागतो, पण चिकटून बसलेलं शिसं तोच काढतो. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री. मग चिंधी ब्रीचकडून (छर्रा भरायच्या टोकाकडून) मझलकडे (नळीच्या तोंडाकडे), एकाच दिशेनं, सरळ ओढायची. दोरी तिरकी घासली की क्राउन (नळीच्या तोंडाची कड) झिजतो आणि ग्रुपिंग (छर्रे जवळजवळ लागणं) बिघडतं. (लोखंडी गज घालणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार.)

पीसीपी असेल तर मी एरवी फेल्ट आणि नेम विस्कटायला लागला की पुल-थ्रू वापरेन, पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी नाही. चकाचक बॅरलमधून पहिले काही छर्रे भरकटतात.

तेल दोन्हीकडे नको. हात मात्र साबणानं धुवा, शिसं आहे ते.