सीडी प्लेअर: आतलं क्लॉक बदलावं की बाहेरून डॅक जोडावा?

सांगलीतल्या आमच्या घरी जुना सीडी प्लेअर रोज वाजतो. त्याचा आवाज सुधारायला दोन वाटा: आतलं क्लॉक, म्हणजे लय देणारा भाग, बदलायचं किंवा डॅक, म्हणजे सीडीवरच्या आकड्यांचा ऐकू येणारा सिग्नल करणारा वेगळा डबा, बाहेरून जोडायचा. सीडीवर आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने असतात. ते ज्याच्या त्याच्या क्षणी बाहेर पडावेत, हे काम आतल्या क्लॉकच्या क्रिस्टलचं. ती लय किंचित डळमळली की त्याला जिटर म्हणतात.

माझ्या बोर्डवर 16.9344 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता, म्हणजे 44.1 किलोहर्ट्झच्या 384 पट. नवं क्लॉक मॉड्यूल नेमकं तेवढ्याचंच लागतं. क्रिस्टल आणि शेजारचे दोन चिमुकले कपॅसिटर काढायचे, मॉड्यूलला स्वतंत्र रेग्युलेटर द्यायचा आणि वायर होईल तेवढी आखूड ठेवायची. सोल्डरिंग आयर्न जरा जास्त टेकलं आणि माझ्या बोर्डवरचा एक ट्रॅक, म्हणजे तांब्याची पट्टी, उखडला. तो बारीक तारेनं जोडताना अख्खा रविवार गेला.

डॅकचं तसं नाही. प्लेअरच्या मागे डिजिटल आउट असेल तर एक केबल, झालं. प्लेअर उघडायचीही गरज नाही. मात्र मग रूपांतर डॅकमध्ये होतं, त्यामुळे आतल्या नव्या क्लॉकवर घातलेले पैसे बरेचसे वाया जातात.

फरक ऐकायला मी मिरजेच्या तंबोऱ्याची साथ असलेली ख्यालाची सीडी लावतो. क्लॉक बदलल्यावर जव्हारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांचा गुंजणारा नाद, मला किंचित मोकळी वाटली. डॅक लावल्यावर मात्र फरक शेजारच्या खोलीतून आईलाही कळला. डिजिटल आउट असेल तर माझं मत डॅकलाच. नसेल तर क्लॉकला हात घाला, पण आधी पॉवर सप्लायचे फुगलेले कपॅसिटर बदला.