पट्टे पाहू नका, क्रमांक वाचा : १९९६ ची कॉर्व्हेट ग्रँड स्पोर्ट

गडद निळ्या अंगावर पुढून मागपर्यंत गेलेला रुंद पांढरा पट्टा, चालकाच्या बाजूच्या पुढच्या मडगार्डवर दोन लाल रेघा आणि काळी, पाच आऱ्यांची चाके, एवढे दिसले की पाहणारा ‘ही ग्रँड स्पोर्ट’ असे म्हणून मोकळा होतो. शेव्हरोले या अमेरिकी कंपनीने १९९६ साली, म्हणजे आपल्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या चौथ्या पिढीच्या अखेरच्या वर्षी, केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात ही गाडी नेमकी १,००० नग काढली. त्यांत ८१० कूपे (टणक छताच्या) आणि १९० कन्व्हर्टिबल (दुमडत्या छताच्या) होत्या. यांतली एक कूपे मला अलीकडे सबंध दिवस तपासायला आणि चालवायला मिळाली. गाडी मला मनापासून आवडली, आणि का आवडली ते पुढे सांगतोच. परंतु तिच्याभोवती जमलेल्या ऐकीव गोष्टींविषयी आधी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्या गोष्टींच्या भरवशावर काही जण सजवलेल्या साध्या गाडीला अस्सलचे पैसे मोजतात आणि काही जण अस्सल गाडी नकली समजून सोडून देतात.

ओळख पटवण्याची खरी जागा रंगात नाही, चेसिस क्रमांकात आहे. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, चालकाच्या बाजूला, डॅशबोर्डवर बसवलेली अरुंद पट्टी बाहेर उभे राहूनच वाचता येते. काचेवर उन्हाची तिरीप असेल तर हाताचा आडोसा करावा लागतो, एवढेच. त्या सतरा अक्षरांपैकी सहाव्या जागी कूपेला २ आणि कन्व्हर्टिबलला ३ असतो, आठव्या जागेवरचा ५ हा एलटी ४ हे या गाडीतले इंजिन दाखवतो आणि दहाव्या जागी १९९६ सालासाठी इंग्रजी ‘टी’ असतो. पण निर्णायक भाग म्हणजे शेवटचे सहा आकडे. त्या वर्षीच्या इतर सर्व कॉर्व्हेटांचा अनुक्रम १००००१ पासून सुरू होतो, तर ग्रँड स्पोर्टसाठी कंपनीने वेगळी मालिका राखून ठेवली होती आणि ती ६००००१ पासून ६०१००० पर्यंत जाते. म्हणजे शेवटच्या सहा आकड्यांची सुरुवात ६ ने होत नसेल तर समोरची गाडी कितीही देखणी असली, तिच्या आसनांवर नाव कितीही सुबक भरलेले असले, तरी ती ग्रँड स्पोर्ट नाही, आणि याला अपवाद नाही. एखाद्या मर्यादित आवृत्तीला कारखान्याने स्वतःची क्रमांकमालिका द्यावी हे क्वचितच घडते; बहुतेक दुर्मीळ अमेरिकी गाड्यांच्या बाबतीत खरेदीदाराला कागदपत्रांच्या चळती उपसाव्या लागतात, इथे मात्र सहा आकडे पुरतात. मी तपासलेल्या गाडीत काचेखालची पट्टी, दाराच्या कडेचे लेबल आणि मालकीचे कागद या तिन्ही ठिकाणचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवून पाहिला. गाडीच्या आत चिकटवलेल्या, कारखान्यात बसवलेल्या पर्यायांची सांकेतिक यादी असलेल्या लेबलावर ग्रँड स्पोर्टसाठी ‘झेड १६’ हा संकेत असतो. तोही पाहावा, पण दुय्यम पुरावा म्हणून, कारण चिकटवलेला कागद बदलता येतो.

रंगाच्या पुराव्यावर माझा विश्वास का नाही, तेही सांगायला हवे. या निळ्याला कंपनीने ॲडमिरल ब्लू असे नाव दिले होते आणि १९९६ साली तो केवळ ग्रँड स्पोर्टवरच मिळत होता, हे खरे आहे. अडचण अशी की १९९४ आणि १९९५ या दोन वर्षांत तोच रंग साध्या कॉर्व्हेटवर कोणालाही घेता येत होता. अशा गाडीवर पांढरा पट्टा चढवला, दोन लाल रेघा ओढल्या आणि चाके काळी केली की दहा पावलांवरून फरक कळत नाही. तिथे दहावे अक्षर पाहावे. ‘आर’ असेल तर गाडी १९९४ ची आणि ‘एस’ असेल तर १९९५ ची. आवडीपोटी आपली गाडी अशी सजवणाऱ्या माणसात मला काहीच गैर वाटत नाही, आणि विकताना त्याने तसे स्पष्ट सांगितले तर व्यवहारही स्वच्छ होतो. तीच गाडी चार हात फिरून ‘अस्सल’ म्हणून उभी राहते तेव्हा मात्र घेणाऱ्याची फसवणूक होते.

सर्वांत चिवट गैरसमज मागच्या चाकांवरच्या वाढीव काठांविषयी आहे, ज्यांना गाडीवाले फ्लेअर म्हणतात. ‘फ्लेअर नाहीत, म्हणजे नकली’ हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे ऐकले आहे की ते खोडून काढल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कूपेच्या मागच्या बाजूला ३१५ मिलिमीटर रुंदीचे टायर आहेत आणि ते मूळ अंगाबाहेर येतात, म्हणून तिला फ्लेअर दिले गेले. कन्व्हर्टिबलला मागे २८५ मिलिमीटरचे टायर दिले होते, ते मूळ अंगात सामावतात, म्हणून तिला फ्लेअर कधीच नव्हते. तेव्हा फ्लेअर नसलेली कन्व्हर्टिबल ही अगदी कारखान्यातून निघाली तशीच आहे, आणि उलट एखाद्या कन्व्हर्टिबलवर फ्लेअर दिसले तर ते कोणी तरी नंतर लावले आहेत असे समजावे. समजूत अशी उलटी बसली असल्यामुळे, दोघींपैकी अधिक दुर्मीळ असलेल्या गाडीवरच अधिक संशय घेतला जातो, याचे मला वाईट वाटते. आतल्या रंगाविषयीही असाच घोळ आहे. काळी सजावट आणि लाल-काळी सजावट या दोन्ही कारखान्यातल्याच आहेत.

इंजिनाकडे वळू. एलटी ४ हे ५.७ लिटरचे व्ही ८ इंजिन ३३० अश्वशक्ती देते, त्या वर्षीच्या साध्या एलटी १ पेक्षा ३० ने अधिक. ते ग्रँड स्पोर्टसाठी खास घडवले होते आणि दुसऱ्या कोणत्याही कॉर्व्हेटमध्ये नव्हते, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात १९९६ साली सहा गिअरांची मॅन्युअल पेटी घेतलेल्या प्रत्येक कॉर्व्हेटला हेच इंजिन मिळाले आणि ऑटोमॅटिकला एलटी १ मिळाले. म्हणून बोनेटखाली लाल रंगाचे इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) दिसले म्हणजे गाडी ग्रँड स्पोर्ट ठरत नाही. आणि ‘माझी ग्रँड स्पोर्ट ऑटोमॅटिक आहे’ असे कोणी म्हणाले, तर एक तर गिअरपेटी नंतर बदललेली आहे किंवा गाडीच वेगळी आहे. त्याच वर्षी निघालेली रुपेरी ‘कलेक्टर एडिशन’ ही सुद्धा पुष्कळदा हिच्यात मिसळली जाते. ती ५,४१२ नगांची, वेगळ्या रंगाची आणि साध्या क्रमांकमालिकेतली आवृत्ती आहे. गाडी चांगली आहे, पण ती ही नव्हे.

नावामागचा इतिहास मात्र गैरसमज नाही, आणि मला त्याचे आकर्षण आहे. कॉर्व्हेटचा अभियंता झोरा आर्कस-डंटोव्ह याने शर्यतींत कोब्रा या प्रतिस्पर्धी गाडीला टक्कर देण्यासाठी हलक्या वजनाच्या १२५ गाड्या बांधण्याचा बेत आखला होता. १९६३ च्या जानेवारीत शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स हिच्या वरिष्ठांनी शर्यतींतून अंग काढून घेतले आणि पाच गाड्यांवर तो बेत थांबला. त्या पाचही गाड्या आजपर्यंत टिकून आहेत. वर्षअखेरीस बहामातल्या नॅसॉच्या शर्यतींत त्यांच्यापैकी तीन जॉन मेकम यांच्या संघाकडून निळ्या रंगात धावल्या आणि कोब्रांना भारी पडल्या. १९९६ च्या गाडीने त्यांचे नाव आणि स्मरण घेतले, यंत्रसामग्री घेतली नाही. विक्रेता जेव्हा ‘शर्यतीच्या गाडीचा सांगाडा’ अशी भाषा करतो, तेव्हा तो तेहतीस वर्षांचे अंतर पुसून टाकत असतो. पुढे २०१० ते २०१३ आणि २०१७ ते २०१९ या काळातही ग्रँड स्पोर्ट नावाच्या कॉर्व्हेट निघाल्या. त्या उत्तम आहेत, पण हजारच्या मर्यादेशी त्यांचा संबंध नाही.

आता गाडी म्हणून ती कशी आहे ते सांगतो. दाराचा उंबरा इतका उंच आणि रुंद आहे की आधी आसनावर टेकावे लागते, मग पाय एकेक करून आत घ्यावे लागतात, आणि आत गेल्यावर आपण जमिनीवरच बसलो आहोत असे वाटते. कूपेचे छत काढता येते, पण ते चार बोल्टांनी आवळलेले असल्यामुळे पाना काढून काम करावे लागते. बोनेट मात्र पाहण्यासारखे आहे: मडगार्डांच्या वरच्या भागासकट ते पुढच्या बाजूला कलंडते, लाल रेघाही त्याच्याबरोबर उचलल्या जातात आणि पुढचे टायर, सस्पेन्शनच्या ॲल्युमिनियमच्या दांड्या, सगळे उघडे पडते. इथे मी बराच वेळ घालवला, कारण अपघातानंतर बोनेट बदलले असेल तर रेघांच्या कडा आणि रंगाची छटा इथेच बोलतात.

इंजिन खालच्या फेऱ्यांत शांत आणि जड वाटते. मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या पुढे त्याचा आवाज घट्ट होतो आणि ६,३०० च्या लाल रेषेपर्यंत ते हुरूप न गमावता चढते. साध्या एलटी १ पेक्षा ३० अश्वशक्ती कागदावर थोडी दिसते, पण फरक याच वरच्या टप्प्यात आहे आणि तो स्पष्ट जाणवतो. गिअरची मूठ आखूड आणि जडशी चालते. रमतगमत निघाल्यास इंधनबचतीच्या नियमांसाठी बसवलेली यंत्रणा पहिल्यावरून दुसऱ्याऐवजी चौथ्या गिअरमध्ये ढकलते, आणि हे पहिल्यांदा झाले की गिअरपेटीत बिघाड आहे असे वाटते. तो बिघाड नव्हे. थोडे जोरात निघाले की दुसरा गिअर पडतो. रुंद टायरांची पकड वळणावर फार मोठी आहे, मात्र खराब रस्त्यावर आतले प्लॅस्टिक कुरकुरते, आणि हा दोष चौथ्या पिढीच्या जवळजवळ प्रत्येक कॉर्व्हेटमध्ये आढळतो.

घेण्याआधी एक जागा न चुकता पाहावी. सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारे ऑप्टिस्पार्क हे यंत्र या इंजिनात पुढच्या बाजूला, पाण्याच्या पंपाच्या मागेच, खाली बसवलेले आहे. पंप गळू लागला की पाणी त्याच्यावर उतरते आणि गाडी आधी अडखळते, मग बंद पडते. म्हणून पंपाखाली टॉर्च धरून सुकलेल्या कूलंटचे डाग शोधावेत आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली त्याची पावती मागावी. मी पाहिलेल्या गाडीत पंप नवा होता, पण ऑप्टिस्पार्क बदलल्याची नोंद नव्हती, आणि मी ती बाब किमतीच्या बोलण्यात घेण्याचा सल्ला मालकाला व ग्राहकाला सारखाच दिला.

नवी असताना कूपेची मूळ किंमत ३७,२२५ डॉलर होती आणि ग्रँड स्पोर्ट करण्यासाठी तीवर ३,२५० डॉलर द्यावे लागत. कन्व्हर्टिबलसाठी ४५,०६० वर २,८८० डॉलर. आजचा भाव गाडीच्या अवस्थेनुसार बराच वरखाली होतो. केवळ दुर्मीळपणा हवा असेल तर कन्व्हर्टिबल शोधावी, पण चालवण्यासाठी घ्यायची असेल तर मी फ्लेअर आणि रुंद टायर असलेली कूपेच घेईन, आणि कमी चाललेल्या, वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा नियमित चाललेली, पावत्या सांभाळून ठेवलेली गाडी पसंत करीन. अर्थात काचेखालचे शेवटचे सहा आकडे ६ ने सुरू होत असतील तरच.