हेडफोनचं भोक नसलेल्या अँपसाठी रेझिस्टरची डबी: घेताना आत काय बघायचं

गल्लीतल्या घरांची भिंत सामायिक असते आणि जुन्या स्टिरिओ अँपला (अँप्लिफायरला) बऱ्याचदा हेडफोनचं भोक नसतं. रात्री गाणं ऐकायचं तर स्पीकरच्या टर्मिनलवरून हेडफोन चालवणारी छोटी डबी हा सर्वांत स्वस्त आणि आवाजाला सर्वांत प्रामाणिक उपाय आहे. ऑनलाइन तयार मिळते. बेळगाव, खानापूर, निपाणीत जुन्याजाणत्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला माप सांगितलं तर तोही तासाभरात बनवून देईल, आणि आमची पसंती त्यालाच आहे, कारण आत काय घातलंय ते डोळ्यांनी बघता येतं.

बघायला हवंच, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या डब्या दोन जातीच्या असतात. पहिलीत प्रत्येक चॅनलला एकच रेझिस्टर, बहुधा ३३० ओहमचा. आवाज येतो, पण ३२ ओहमच्या हेडफोनमागे ३३० ओहम बसले की हेडफोनवरचा अँपचा ताबा सुटतो. खर्ज ते तार यांतल्या ज्या भागात हेडफोनचा स्वतःचा अवरोध (ओहम) वाढतो, तिथे आवाजही फुगतो. कानावर बसणाऱ्या बऱ्याच हेडफोनमध्ये हा फुगवटा खर्जात येतो: डग्गा नको तितका घुमतो आणि तबल्याची चाट मागे पडते. ही जात घेऊ नका.

दुसरीत प्रत्येक चॅनलला दोन रेझिस्टर असतात. स्पीकरच्या प्लसपासून १२० ओहम, ५ वॅटचा पांढरा सिमेंटवाला. त्याच्या पुढच्या टोकापासून मायनसला १० ओहम, १ वॅटचा. हेडफोन या १० ओहमला समांतर. दोन्ही चॅनल मिळून चारच रेझिस्टर, एक ६.३५ मिमीचा स्टिरिओ सॉकेट आणि हवा खेळेल अशी डबी. रेझिस्टर काही रुपयांचे, खर्च होतो तो सॉकेट आणि डबीवर. आता हेडफोनला मागून जेमतेम ९ ओहम दिसतात आणि आवाज सरळ राहतो.

५ वॅट कशाला, असं दुकानदार विचारेलच. ८ ओहमला ५० वॅट देणारा अँप पूर्ण उघडला तर टर्मिनलवर २० व्होल्ट येतात. त्यातले साधारण १.२ व्होल्ट हेडफोनला मिळतात, म्हणजे ३२ ओहमला सुमारे ४५ मिलिवॅट. कान दुखायला ते पुरेसे आहेत. त्याच वेळी १२० ओहमवर जवळजवळ ३ वॅट जळतात. पाव वॅटचा रेझिस्टर तिथे काळा पडून तुटेल. रोजच्या ऐकण्यात ५ वॅटवाला कोमटही होत नाही, तरी प्लास्टिकपासून थोडा उचलून बसवायला सांगा.

या डबीचा खरा फायदा मात्र शांततेत कळतो. स्पीकरचा अँप थेट हेडफोनला जोडला तर त्याची सूंऽऽ कानात घुसते. कुमार गंधर्व आपल्याच सुळेभावीत १९२४ साली जन्मले. त्यांची एखादी मैफल लावा आणि नुसता तानपुरा चालू असताना ऐका बघू. डबीतून जाताना आवाज सुमारे २४ डेसिबलने उतरतो, आणि अँपची सूंसूंही तेवढीच उतरते. शिवाय थेट जोडल्यावर व्हॉल्यूमचं बटण अगदी तळाशी ठेवावं लागतं, जिथे बऱ्याच जुन्या बटणांचे डावे-उजवे भाग जुळत नाहीत आणि गाणारा एका कानाकडे सरकतो. डबी लावली की बटण घड्याळातल्या नऊ ते अकराच्या मध्ये येतं आणि गाणारा मधोमध बसतो.

आता ज्या चुकीने अँप जातो ती. हेडफोनला डाव्या-उजव्याची मायनस एकच असते. सगळ्या अँपमध्ये तसं नसतं. गाडीतले अँप आणि हल्लीचे तळहाताएवढे डिजिटल अँप बहुतेक ब्रिज पद्धतीचे असतात. त्यांच्या मायनस टर्मिनललाही चालू सिग्नल असतो. दोन मायनस जोडल्या की आउटपुट शॉर्ट. म्हणून जोडण्याआधी अँप बंद करा, प्लग काढा, स्पीकर सोडवा आणि मल्टिमीटर ओहमवर लावून डावी मायनस, उजवी मायनस आणि मागच्या आरसीए सॉकेटची (सीडी, टेपच्या केबली जिथे लागतात त्या गोल सॉकेटची) बाहेरची कडी एकमेकांशी मोजा. सगळीकडे शून्याच्या जवळ आलं तर डबी चालेल. नाही आलं तर तिथेच थांबा. भजनी मंडळाच्या पीए अँपच्या १०० व्होल्टच्या टर्मिनलला तर ही डबी कधीच लावू नये. व्हॉल्व्हच्या अँपला लावायची असेल तर स्पीकरच्या जागी ८ ओहमचा, अँपच्या वॅटपेक्षा मोठा रेझिस्टर आधी जोडावा लागतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मोकळा ठेवता येत नाही.

सॉकेटमध्ये टोक डावं, मधली कडी उजवी, मागचा भाग मायनस. प्लग आत सरकताना क्षणभर शॉर्ट होतो, पण मध्ये १२० ओहम असल्याने अँपला काही होत नाही. नुसत्या तारांनी सॉकेट जोडणाऱ्यांचे अँप नेमके या क्षणी जातात. अँपला स्पीकर ए आणि बी अशा टर्मिनलच्या दोन जोड्या असतील तर डबी कायमची बी वर ठेवा. वेगळा स्विच लागत नाही.

ब्रिजवाल्या अँपसाठी रस्ता वेगळा: रेक आउट (टेपवर रेकॉर्ड करण्यासाठी मागे दिलेलं आरसीए सॉकेट) असेल तर त्यातून सिग्नल घेऊन स्वतंत्र हेडफोन अँप. बेहरिंगरचा एचए४०० चार हेडफोन चालवतो, प्रत्येकाला वेगळं बटण आहे. त्याचं इनपुट एकच ६.३५ मिमीचं स्टिरिओ आहे, म्हणून दोन आरसीएपासून एका स्टिरिओ प्लगची केबल मागा. रेक आउटवर अँपच्या व्हॉल्यूमचा आणि बास-ट्रेबलचा परिणाम होत नाही, हे लक्षात ठेवा. रेक आउटला हेडफोन थेट मात्र लावू नका. तिथला अवरोध १ किलोओहम असला तर ३२ ओहमच्या हेडफोनला जेमतेम ३ टक्के व्होल्टेज मिळतं. आवाज बारीक येतो आणि लोक हेडफोनला दोष देतात.

खानापूर, जांबोटीकडच्या पावसात तांब्याच्या तारांची टोकं हिरवी पडतात आणि एक बाजू मंद होते. टोक कापून नवी तार काढा, टर्मिनल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

पहिल्यांदा हेडफोन लावण्याआधी अँप चालू करून, गाणं न लावता, स्पीकर टर्मिनलवरचं डीसी व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. १०० मिलिव्होल्टच्या वर असेल तर डबी बाजूला ठेवून आधी अँप दुरुस्तीला द्या.