दुसरीच्या सरावपत्रिका: लेखन नेटके, गणित घाईचे
दुसरीच्या मुलांसाठी घेतलेल्या या सुट्या सरावपत्रिकांच्या संचात लेखनाचा भाग मन लावून केलेला आहे. विशेषतः ‘सूर्य’, ‘चक्र’ आणि ‘राष्ट्र’ या शब्दांतून र-काराची तीन रूपे वेगवेगळी गिरवून घेतल्यामुळे, रफार नेमका कोणत्या अक्षरावर द्यायचा हा मुलांचा नेहमीचा गोंधळ बराच कमी होतो. गणिताकडे मात्र तेवढे लक्ष दिलेले दिसत नाही. हातच्याच्या बेरजेत दशकाच्या डोक्यावर हातचा मांडायला चौकटच नसल्याने मुले २७ आणि १५ यांची बेरीज ३२ लिहून मोकळी होतात. बालभारतीच्या पुस्तकात २०१९ साली आलेले ‘वीस एक’ हे संख्यावाचन, ते कोणाला रुचो न रुचो, ‘एकवीस’सोबत द्यायला हवे होते. कागद जाड आहे, पण खोडरबर फिरवताच गिरवण्याचे छापील ठिपके पुसट होतात.