कादंबरी ‘निवडली’ म्हणून फोन आला तेव्हा

सव्वादोन वर्षं रात्री जागून मी कादंबरी लिहिली. हिंजवडीत नोकरी करणारी सोलापूरची मुलगी आणि तिच्या भाड्याच्या फ्लॅटखाली मेस चालवणारा विधुर, यांच्या प्रेमाची गोष्ट. ‘हस्तलिखिते मागवत आहोत’ अशी एका प्रकाशनाची जाहिरात मोबाइलवर दिसली आणि मी फाइल पाठवून दिली. तिसऱ्याच दिवशी फोन. “मॅडम, संपादक मंडळानं एकमतानं तुमची कादंबरी निवडलीय. प्रेमकथांना सध्या फार मागणी आहे.” गॅस बंद करून मी ओट्यापाशीच खाली बसले आणि रडले. तीन दिवसांत एवढ्या माणसांनी अख्खी कादंबरी वाचली कधी, हा प्रश्न मनात आलाच नाही.

आठवड्यानं ‘लेखक सहभाग योजने’चं पत्रक आलं. संपादन १२,०००, मुखपृष्ठ ६,०००, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) ३,५००, छपाई आणि वितरण धरून एकूण ४८,००० रुपये. प्रती ५००. मी आरडी मोडली. आयएसबीएन आपल्याकडे राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी देते, तेही फुकट, आणि लेखकालाही स्वतः अर्ज करता येतो. हे तेव्हा ठाऊक असतं, तर त्या एका ओळीपाशीच मी थांबले असते.

पाच महिन्यांनी एक खोका आला. ५० प्रती. खळीचा वास, वर माझं नाव. आईला दाखवायला म्हणून मधलं पान उघडलं, तर ११२ नंतर पुन्हा ९७. एक फॉर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला सोळा पानांचा गठ्ठा, दोनदा बांधलेला आणि ११३ ते १२८ ही पानं गायब. त्याच सोळा पानांत तो तिला पहिल्यांदा मनातलं सांगतो. पन्नासच्या पन्नास प्रती तशाच. फोन केला तर पलीकडचे म्हणाले, “कथेत काही फरक पडतो का, मॅडम?” एकाही माणसानं ती वाचलेली नव्हती, हे तेव्हा कळलं. उरलेल्या ४५० प्रती कधीच आल्या नाहीत. नंतर फोन उचलणंही बंद झालं.

पैशापेक्षा मोठा घाव करारपत्रात होता. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क किती काळासाठी दिले ते लिहिलेलं नसेल, तर मुदत पाच वर्षं धरतात. माझ्या करारात मात्र ‘सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील हक्क कायमस्वरूपी’ असं स्पष्ट छापलं होतं, आणि खाली माझी सही. सही करण्याआधी ते पान कुणा वकिलाला दाखवा हो. नाहीतर निदान घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा.

गेल्या वर्षी धीर करून तीच कादंबरी पुण्यातल्या एका जुन्या प्रकाशकांकडे नेली. चार महिने उत्तर नाही. मग त्यांनी बोलावून घेतलं. हस्तलिखितात पेन्सिलीच्या खुणा होत्या, मेसवाल्याच्या आईचं पात्र वाढवा असं समासात लिहिलं होतं. पैशाचा विषयसुद्धा निघाला नाही. फक्त एवढंच विचारलं, “हक्क तुमच्याकडेच आहेत ना?”

मी पर्समधून करारपत्राची झेरॉक्स काढून त्यांच्यापुढे ठेवली.