१०० च्या नावावर ३० चं नेट विकलं, वरून राऊटर अन् बूस्टरही गळ्यात मारला

आमच्या दारव्हा-नेर-दिग्रस पट्ट्यात ज्यांच्या घरी फायबरचं नेट आहे आणि कनेक्शन गावोगाव गाडीवर फिरणाऱ्या एखाद्या लाईनवाल्या भाऊकडून घेतलंय त्यांनी हे वाचा, लांबलंय पण वाचा. नेट स्लो चालतं म्हणून आपण फोन करतो, तो येतो, काहीतरी विकून जातो, थोडे दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच रडगाणं. आमच्याकडं असंच चाललं होतं आणि शेवटी कळलं की नेट बिघडलेलं नव्हतंच, जेवढ्याचं चालू केलं होतं तेवढंच पळत होतं, पैसे मात्र आमच्याकडून दुसऱ्याच प्लॅनचे घेणं सुरू होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही आणि त्या माणसाचंही नाही, कारण प्रकरण अजून मिटायचं आहे.

मी घरूनच काम करते, नागपूरच्या एका सीए ऑफिसच्या टॅली एन्ट्र्या आणि जीएसटीचे रिटर्न. म्हणजे ११ तारीख आणि २० तारीख जवळ आली की मला नेट लागतंच, तेव्हा कोणतंच कारण चालत नाही. आधी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भागवत होते, मग दिवाळीच्या आधी ह्या भाऊकडून कनेक्शन घेतलं. १०० एमबीपीएस, महिना ७९९, सगळं धरून. त्यानं आधारचा फोटो काढला, फॉर्म त्याच्याच मोबाईलवर भरला आणि म्हणाला, "वहिनी, नंबर माझाच टाकून देतो, ओटीपी-बिटीपीचा ताप तुम्हाले कायले? रिचार्ज मीच मारत जाईन, तुम्ही फक्त माह्या फोनपेवर टाकत जा." बोलायला इतका गोड की सासूबाई त्याला चहा पाजल्याशिवाय जाऊ देत नसत. सगळी गोम इथंच होती. खातं माझ्या आधारवर, पण चावी त्याच्या खिशात.

तर नेट दिवसा बऱ्यापैकी चालायचं, पण संध्याकाळी मुलगा व्हिडिओ लावून बसला, हे मोबाईल घेऊन बसले की माझं रिमोटवरचं काम अडकायचं, माऊस एकीकडं आणि बाण दुसरीकडं. फोन केला की कारण तयारच. वानेरं तारेवर लटकली. तिकडं जेसीबीनं केबल तोडली. वरूनच डाऊन आहे. आणि खरं सांगायचं तर ह्यातली निम्मी कारणं आपल्याकडं खरीच असतात, विजेच्या खांबावरून टांगत आणलेली फायबर, त्यावर वानरांचे टोळके उड्या मारतात, पावसाळ्यात कडाडलं की डबाच जळतो. म्हणून तर खोटं कारणही खपून जातं.

एक गोष्ट मला आता माहीत आहे ती इथंच सांगून टाकते. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर लाईन तुटली, तेव्हा नेट स्लो नाही, बंदच पडतं. तो दिवा विझलेला असेल आणि नेट चालू आहे पण हळू आहे, तर वानरावर बिल फाडणाऱ्याला एवढंच विचारा की मीटर लावून पॉवर किती येते ते दाखव. उणे ८ ते उणे २७ च्या मधे आकडा असेल तर सहसा लाईन ठीक असते. आमच्या भाऊनं मीटर पिशवीतून कधी काढलंच नाही, पण "जोडणी केली" म्हणून ५०० रुपये नेले.

मग राऊटरची बारी आली. म्हणे कंपनीच्या डब्याचं वायफाय जुनं आहे, ह्यावर १०० ची स्पीड येतच नाई, डबल बँडचा, म्हणजे २.४ अन् ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही लहरींवर वायफाय देणारा राऊटर टाका. चार अँटेनांचा एक काळा राऊटर आणला, २६०० रुपये. खोक्यावर मोठ्या अक्षरात ३०० एमबीपीएस लिहिलेलं, ते बोटानं दाखवून म्हणतो, "हे पाहा, ३०० पर्यंत चालते हा." ते ३०० म्हणजे मोबाईल आणि राऊटरच्या मधल्या हवेतलं कागदावरचं कमाल गणित, तुमच्या घरी येणाऱ्या नेटशी त्याचा काही संबंध नाही, हे त्यालाही पक्कं माहीत होतं.

आणि आता ऐका त्याची खरी कला. राऊटर लावून झाल्यावर त्यानं आपलाच मोबाईल काढला, स्पीड टेस्ट लावली, माझ्यासमोर धरली. काटा सरसर चढला आणि ९४ वर जाऊन थांबला. मामाजीपण पाहून खुश. नागपूरच्या सरांची किरकिर सुरू होती म्हणून ह्यांनी त्या स्क्रीनचा फोटो काढला आणि सरांना पाठवून दिला की बघा, नेट नीट झालं. तो फोटो ह्यांच्या मोबाईलमधे राहिला. त्याचं काय झालं ते पुढं येते.

थोड्या दिवसांनी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. ह्या वेळी बूस्टर. आमचं घर जुनं आहे, आतल्या खोलीच्या भिंती मातीच्या, दीड-दोन फूट जाड, तिथं वायफाय मरतंच, ते खरं. पण त्यानं बूस्टर लावला कुठं, तर त्याच आतल्या खोलीच्या प्लगमधे, जिथं रेंजच पोचत नाही. अरे बाबा जिथं सिग्नल नाही तिथं तो बूस्टर उचलेल काय आणि वाढवेल काय? शिवाय हे स्वस्तातले एका बँडचे बूस्टर ज्या रस्त्यानं घेतात त्याच रस्त्यानं पुढं देतात, म्हणून स्पीड जवळपास निम्मी होते. मोबाईलवर वायफायच्या काड्या फुल आणि नेट आधीपेक्षा हळू. १२०० रुपये त्याचे.

मला संशय आला तो नेटमुळं नाही, बिलामुळं. सरांनी सांगितलं की नेटचा खर्च ऑफिसमधून मिळेल, बिल पाठवत जा. भाऊला बिल मागितलं तर आधी टाळाटाळ, मग एक दिवस रंगीत छापलेलं बिल घेऊन आला, शिक्का, सही, सगळं. मी रोज हेच बघते, माझी नजर सरळ जीएसटी नंबरवर गेली. आपल्या महाराष्ट्रातला जीएसटी नंबर २७ नं सुरू होतो, पुढं पॅनची १० अक्षरं, मग आणखी ३, अशी एकूण १५. ह्यानं २७ टाकले होते, दिसायला एकदम बरोबर, पण अक्षरं मोजली तर १४. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर अर्थातच घेतला नाही. खाली टॅक्स १८ टक्के दाखवलेला, पण ७९९ मधून मागं काढून बघितला तर हिशोब जुळत नाही. ज्याला बिल धड बनवता येत नाही तो बाकीचं काय खरं सांगत असेल?

तेवढ्यात पोळ्याला आमचा पुतण्या आला, अमरावतीला पॉलिटेक्निकला आहे. त्याला म्हटलं बघ रे बाबा काय प्रकार आहे. त्यानं कोणतंच यंत्र काढलं नाही, आधी घरातले सगळे मोबाईल वायफायवरून काढले, टीव्ही बंद केला, आणि माझा लॅपटॉप लॅनच्या केबलनं सरळ कंपनीच्या डब्याला लावला, मधला काळा राऊटर बाजूला. टेस्ट घेतली, २८. पुन्हा घेतली, २९. सकाळी घेतली, दुपारी घेतली, रात्री आठला घेतली, तेवढंच. मला म्हणतो, "काकू, १०० चा प्लॅन असता तर केबलवर ९०-९५ दिसायला पाहिजे होतं, अन् गर्दीमुळं कमी येत असतं तर सकाळ-रात्रीचे आकडे वरखाली झाले असते. हे कापून ठेवल्यासारखं ३० वर थांबते. तुमचा प्लॅनच ३० चा आहे."

मग मी त्याला तो ९४ वाला फोटो दाखवला. त्यानं दोन बोटांनी मोठा केला. वरच्या कोपऱ्यात ५जी लिहिलेलं, वायफायची खूणच नाही. आणि टेस्टच्या आकड्याखाली ज्या कंपनीचं नेट असते तिचं नाव येते, तिथं त्याच्या सिमकार्डच्या कंपनीचं नाव. टॉवर ग्रामपंचायतीच्या मागंच आहे, मोबाईलचं नेट तिथं धावणारच. म्हणजे आमच्या घरात उभं राहून स्वतःच्या सिमची स्पीड दाखवली आणि २६०० घेऊन गेला. म्हणून सांगते, टेस्ट नेहमी आपल्याच मोबाईलवर घ्यायची, मोबाईल डेटा बंद करून, आणि खाली नाव कोणाचं आलं ते वाचायचं. ट्रायचं, म्हणजे फोन-नेट कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं मायस्पीड ॲप आहे, तेही चालते.

तो काळा राऊटर तर एकाच बँडचा निघाला, २.४ वालाच. चार अँटेना नुसत्या शोभेला. वर कहर म्हणजे कंपनीचा मूळ डबाच डबल बँडचा होता, ह्यानं त्याचं वायफाय बंद करून ठेवलेलं! पुतण्यानं ते चालू केलं, ५ चं नेटवर्क समोरच्या खोलीत झकास चाललं. २.४ लांब जाते पण हळू असते आणि शेजारपाजारचे सगळे त्यावरच असतात, ५ वेगवान असते पण जाड भिंतीच्या पलीकडं जात नाही, म्हणून माझ्या टेबलापर्यंत त्यानं सरळ केबलच ओढून दिली.

आता खरा प्लॅन कोणता हे कंपनीलाच विचारायचं होतं. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधला तर पहिलाच नंबर ठगाचा लागला, सांगतो कसा की मॅडम एक ॲप टाका, मला तुमची स्क्रीन दिसली की स्पीड वाढवून देतो. फोन ठेवून दिला. असं ॲप टाकलं की बँकेचे ओटीपी त्याला दिसतात. कोणाचे पैसे असे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात. नंबर घ्यायचा तर कंपनीच्या ॲपमधून किंवा डब्याच्या स्टिकरवरूनच.

खऱ्या नंबरवर लागल्यावर युजर आयडी सांगितला तर बाई म्हणते रजिस्टर नंबरवरून फोन करा. तो नंबर भाऊचा! शेवटी आधार दाखवून केवायसी पुन्हा केली, नंबर माझा टाकून घेतला, आणि ॲप उघडलं तसं सगळं दिसलं. प्लॅन ३० एमबीपीएस, ३९९ अधिक जीएसटी, म्हणजे ४७१ रुपये, पहिल्या दिवसापासून. दर महिन्याला ३२८ रुपये तो मधल्या मधे खात होता, अन् असे किती घरांचे.

बोलावून घेतला त्याला. आधी म्हणे सिस्टीमची चूक असंन. ॲप दाखवलं तर म्हणे, "वहिनी, १०० म्हणजे १०० पर्यंत, अन् रात्री-बेरात्री मी येतो त्याची सर्विस नाई का?" ह्यांनी सरळ विचारलं, "मंग सर्विसचे ३२८ सांगून घ्यायचे होते ना बे!" त्यावर उलट आमच्यावरच आवाज चढवला, म्हणे गावात दुसरा कोण लाईन देते ते पाहतो. चोराच्या उलट्या बोंबा. आणि मामाजी मधे पडले, "जाऊ द्या, त्याच्या बापाच्या अन् माह्या गाड्या संगच जिनिंगवर लागतात." आपल्याकडं अशी प्रकरणं इथंच दबतात. सासूबाई मात्र ठाम, "लागू द्या गाड्या. चहा पेऊन पेऊन लुबाडलं त्यानं."

बूस्टरचे १२०० दिले परत त्यानं. राऊटर वापरलेला आहे म्हणून घेत नाही आणि फरकाच्या पैशाचं तर नावच काढत नाही. कंपनीकडं तक्रार टाकली, डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा नंबर घेतला, त्यांनी "तक्रार निवारण झाले" असा मेसेज पाठवून बंद केली, कारण त्यांच्या हिशोबानं ३० चा प्लॅन ३० नं चालतोय, त्यात चूक काय! म्हणून आता त्याच डॉकेटवर कंपनीच्या अपील विभागात अपील केलंय, त्याला वेगळी फी नसते. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाईनवर पण नोंदवलंय. नाहीच झालं तर यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. हे म्हणतात एसटीच्या तिकिटातच पैसे जातील. बघू.

प्लॅन मी वाढवला नाही. टेबलाला केबल आणि समोर ५ चं वायफाय असल्यावर ३० मधे माझं काम, मुलाचा व्हिडिओ, सगळं निघते. ३० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला पावणेचार एमबी, आठानं भागायचं, तेव्हा डाऊनलोडमधे ३.५ दिसलं तर घाबरू नका, ते बरोबरच आहे.

ज्यांचं कनेक्शन दुसऱ्याच्या नंबरवर असंन त्यांनी आजच आधार घेऊन नंबर बदलून घ्या, भाऊला न विचारता. आणि त्यानं दिलेली बिलं, फोनपेच्या नोंदी, काहीही फाडू नका की डिलीट करू नका, जीएसटी नंबरची अक्षरं मोजून ठेवा. कोणाच्या बिलावर तोच १४ अक्षरांचा नंबर निघाला तर मला सांगा, सगळ्यांची तक्रार एकत्रच टाकू.